शिंपल्याचे अंतरंग

शिंपल्याच्या कवचाला तीन थर असतात. सर्वांत बाहेर मातकट किंवा काळपट रंगाचे पातळ सेंद्रिय आवरण, त्याखाली स्फटिकांच्या उभ्या खांबांचा जाड थर आणि सर्वांत आत, जिवाच्या मऊ अंगाला लागून, गुळगुळीत झळाळता थर. शास्त्रात या आतल्या थराला नेकर म्हणतात. सराफ आणि घड्याळवाले त्याला ‘मदर ऑफ पर्ल’ म्हणतात. मराठीत त्याला मोतिया थर म्हणणे सोपे पडते, कारण मोती आणि हा थर एकाच द्रव्याचे असतात आणि एकाच जिवाच्या अंगातून, एकाच रीतीने घडतात. कवचाच्या आतून पसरला तर तो थर, आणि अंगाच्या आत सुटा वाढला तर मोती. म्हणून नथीतल्या मोत्याची निगा आणि शिंपल्याच्या पदकाची निगा हे विषय वेगळे काढता येत नाहीत.

हे द्रव्य पाहायला समुद्रापर्यंत जावे लागतेच असे नाही. मुळशी तालुक्यातले भुकूम हे गाव पौड रस्त्यावर, चांदणी चौक आणि भूगाव मागे टाकल्यावर लागते. त्याच्या शिवारातल्या खाटपेवाडीच्या डोंगरात रामनदी उगम पावते आणि भूगाव, बावधन, पाषाण असा प्रवास करत मुळेला मिळते. मुळा-मुठेच्या या सगळ्या खोऱ्यात गोड्या पाण्यातले शिंपले राहत आले आहेत. १९६३ साली जी. टी. टोणपी आणि लीला मुल्हेरकर यांनी पुणे परिसरातल्या गोड्या पाण्यातल्या मृदुकाय प्राण्यांवर लेखन केले. लॅमेलिडेन्स आणि पॅरेसिया या वंशांचे शिंपले दख्खनच्या नद्यांमध्ये आणि तळ्यांमध्ये सापडतात. वाळूत किंवा गाळात अर्धे रुतून ते पाणी आत घेतात, त्यातले सूक्ष्म अन्न गाळून घेतात आणि पाणी परत सोडतात. कवचासाठी लागणारे कॅल्शियम त्यांना पाण्यातूनच मिळते. मुळशीचे डोंगर बेसाल्टचे आहेत; या खडकातल्या खनिजांत कॅल्शियम असते आणि खडक झिजताना ते ओढ्यांच्या पाण्यात उतरते. डोंगराचा काळा दगड आणि शिंपल्याच्या आतली रुपेरी-गुलाबी झाक यांच्यात असे थेट नाते आहे. गावोगावी या शिंपल्यांचा उपयोगही होत असे. कडेला धार असलेली शिंप खरवडायला आणि सोलायला हाताशी असायची, तान्ह्या मुलाला थेंबथेंब दूध पाजायला लहान शिंप वापरली जायची.

मोतिया थराचे सुमारे पंच्याण्णव टक्के वजन कॅल्शियम कार्बोनेटचे असते. चुनखडी आणि खडू यांचे रसायनही तेच. पण खडू बोटाने मोडतो आणि मोतिया थर सहज मोडत नाही. हा फरक रचनेचा आहे. या थरात ॲरॅगोनाइट नावाच्या स्फटिकाच्या सपाट चकत्या एकीवर एक रचलेल्या असतात. प्रत्येक चकती साधारण अर्धा मायक्रॉन जाड आणि पाच ते पंधरा मायक्रॉन रुंद असते. चकत्यांच्या मधे काँकिओलिन या सेंद्रिय द्रव्याचा अतिशय पातळ पडदा असतो. त्यात प्रथिने आणि कायटिन असते. वाड्याच्या भिंतीत विटा आणि चुना जे काम करतात, तेच काम इथे चकत्या आणि पडदे करतात. एक मिलिमीटर जाडीत अशा जवळजवळ दोन हजार ओळी बसतात. तडा जाऊ लागला की त्याला प्रत्येक चकतीला वळसा घालावा लागतो आणि प्रत्येक पडद्यापाशी त्याचा जोर कमी होतो. नुसत्या ॲरॅगोनाइटपेक्षा मोतिया थर मोडायला कितीतरी पटींनी जास्त शक्ती लागते, ती यामुळेच.

झळाळीही याच रचनेतून येते. दृश्य प्रकाशाच्या लहरींची लांबी ०.४ ते ०.७ मायक्रॉन असते, म्हणजे चकतीच्या जाडीच्या जवळपास. वरच्या आणि खालच्या चकत्यांवरून परतलेले किरण एकमेकांत मिसळतात. काही रंग बळावतात, काही मावळतात. शिंपला थोडा कलला की गुलाबी, हिरवट, निळसर छटा सरकत जातात. या छटांसाठी त्या थरात कोणताही रंग भरलेला नसतो. थराची रचना शाबूत आहे तोवर त्या असतात, आणि रचना बिघडली की जातात. मोत्यांच्या निगेचा प्रत्येक नियम या एका गोष्टीतून निघतो.

मोती कसा तयार होतो याविषयी स्वाती नक्षत्रातल्या पावसाचा समज मराठी माणसाला लहानपणापासून माहीत असतो. सूर्य स्वाती नक्षत्रात ऑक्टोबरच्या अखेरीस येतो. त्या वेळी पडलेला थेंब शिंपल्याने झेलला की त्याचा मोती होतो, असे मानले जाई. वराहमिहिराच्या बृहत्संहितेत मोत्यांच्या लक्षणांवर स्वतंत्र अध्याय आहे. त्यात शिंपल्याबरोबरच हत्ती, साप, ढग, वेळू आणि वराह यांच्यापासूनही मोती होतात असे सांगितले आहे. प्रत्यक्षात शिंपल्याच्या अंगावर कवच घडवणारी एक मऊ घडी असते, तिला प्रावार म्हणतात. एखादा परजीवी किंवा बाहेरचा कण शिरताना प्रावाराच्या काही पेशी आत ढकलल्या गेल्या, तर त्या कणाभोवती पिशवी तयार करतात आणि आपले नेहमीचे काम चालू ठेवतात. त्या थरावर थर चढवत राहतात. इजा झालेल्या जिवाने सावकाश केलेली ही दुरुस्ती आहे.

माणसाने शिंपल्याचे सौंदर्य फार पूर्वी ओळखले. पुणे जिल्ह्यातच, शिरूर तालुक्यातल्या इनामगावला डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन केले. तिथल्या ताम्रपाषाणयुगीन वस्तीत शंख-शिंपल्यांचे मणी मिळाले. समुद्रापासून इतक्या दूर राहणारे शेतकरीही कवचाचे दागिने घालत होते. मेसोपोटेमियातल्या उर शहराच्या राजथडग्यांतून निघालेल्या, सुमारे साडेचार हजार वर्षांपूर्वीच्या एका प्रसिद्ध लाकडी पेटीवर निळ्या लाजवर्दाच्या पार्श्वभूमीवर कवचाच्या तुकड्यांतून माणसे, रथ आणि जनावरे जडवली आहेत. चीन, कोरिया आणि जपानमध्ये लाखकामात मोतिया थराचे पातळ काप बसवण्याची कला वाढली. जपानमधल्या नारा येथील शोसोइन या भांडारात आठव्या शतकातले पाच तारांचे एक वाद्य जपून ठेवले आहे. त्याच्या अंगावर मोतिया थराच्या जडावात उंटावर बसलेला वादक आहे, आणि या वाद्याच्या घडणीचे मूळ भारतात असल्याचे मानले जाते.

भारतात या कामाचे मोठे केंद्र गुजरात होते. सोळाव्या आणि सतराव्या शतकांत अहमदाबाद, खंबायत आणि सुरत या भागात मोठ्या सागरी गोगलगाईंच्या कवचाचे पातळ तुकडे कापून ते पितळी खिळ्यांनी पेट्यांवर आणि भांड्यांवर ठोकले जात. दुसऱ्या पद्धतीत काळ्या राळेत तुकडे बसवून नक्षी साधली जाई. फतेहपूर सिक्रीला सलीम चिश्तींच्या कबरीवरची छत्री अशा तुकड्यांनी मढवलेली आहे. पोर्तुगीज जहाजांतून हा माल युरोपात गेला. फ्रान्सच्या पहिल्या फ्रान्स्वा राजाकडे पोहोचलेली गुजराती पेटी १५३० च्या दशकात पॅरिसच्या सोनाराने सोन्याचांदीच्या कोंदणात बसवली आणि आज ती लूव्र संग्रहालयात आहे. करवत चालवणाऱ्या आणि खिळे ठोकणाऱ्या गुजराती कारागिरांची नावे मात्र कुठेच उरलेली नाहीत.

गोव्यात कवचाने वेगळे काम केले. काच महाग आणि दुर्मीळ होती तेव्हा प्लाकुना या चपट्या, अर्धपारदर्शक शिंपल्याचे चौकोनी काप लाकडी चौकटींत ओवून खिडक्या बनवल्या गेल्या. जुन्या घरांतून आणि चर्चमधून त्या अजून दिसतात. उन्हाचा ताप अडतो आणि मऊ उजेड आत येतो. शास्त्राच्या काटेकोर भाषेत हा मोतिया थर नव्हे, कारण त्यातले स्फटिक ॲरॅगोनाइटचे नसून कॅल्साइटचे असतात. पण त्याची चमक जवळची आहे. २००१ मध्ये या शिंपल्याला, आणि जडावासाठी वापरल्या जाणाऱ्या काही मोठ्या सागरी गोगलगाईंना, १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूचींत घालण्यात आले. जुन्या खिडकीचा तुटलेला काप बदलायचा म्हणजे आता कायद्याचाही विचार करावा लागतो.

महाराष्ट्राने मात्र शिंपल्यापेक्षा मोत्यावर जास्त प्रेम केले. पेशवाईत पुण्यात मोती हे ऐश्वर्याचे चिन्ह होते. जेम्स वेल्स या चित्रकाराने १७९० च्या दशकात पुण्यात काढलेल्या सवाई माधवराव आणि नाना फडणीस यांच्या चित्रात तरुण पेशव्याच्या अंगावर मोत्यांचे सर आहेत. पुरुषांच्या कानात भिकबाळी, पागोट्यावर मोत्याचा तुरा, आणि स्त्रियांच्या अंगावर नथ, कुड्या, चिंचपेटी, तन्मणी, मोत्यांच्या बांगड्या, अशी ही परंपरा आजही लग्नसमारंभात पुढे चालू आहे. यातले जुने, मौल्यवान मोती ‘बसरा’ म्हणून ओळखले जातात. ते बसऱ्याच्या बंदराच्या नावाने आले, पण निघाले इराणच्या आखातातल्या बहारीन, कुवेत भागातल्या शिंपल्यांच्या पट्ट्यांतून.

या मोत्यांची पेठ मुंबई होती. उन्हाळ्यात आखातात बुडी मारणारे लोक शिंपले वर काढत, हंगाम संपला की अरब व्यापारी माल घेऊन मुंबईला येत आणि झवेरी बाजाराजवळच्या मोती बाजारात तो निवडला, भोके पाडून ओवला आणि जगभर पाठवला जाई. मोत्यांबरोबर रिकामे शिंपलेही जहाजात चढत, कारण युरोपातल्या बटणांच्या कारखान्यांना ते हवे असत. प्लॅस्टिक येण्यापूर्वी शर्टाचे चांगले बटण म्हणजे शिंपल्याचे बटण. अमेरिकेत जॉन बोपल या जर्मन कारागिराने १८९१ मध्ये मिसिसिपी नदीकाठच्या मस्कटीन गावी नदीतल्या शिंपल्यांपासून बटणे कापायला सुरुवात केली आणि १९०५ पर्यंत ते गाव वर्षाला दीड अब्ज बटणे बनवू लागले. नदीतले शिंपले मात्र झपाट्याने संपत गेले. आखातातला मोतीधंदा १९२९ च्या मंदीत आणि जपानी संवर्धित मोत्यांच्या लाटेत कोसळला.

त्या लाटेची सुरुवात कोकिची मिकिमोतो यांनी ११ जुलै १८९३ रोजी मिळवलेल्या अर्धगोल मोत्यापासून झाली. पुढे पूर्ण गोल मोत्याची पद्धत बसली. त्यात शिंपल्याच्या अंगात प्रावाराच्या तुकड्यासह एक मणी ठेवतात आणि त्यावर जीव थर चढवतो. हा मणी बहुतेकदा मिसिसिपी खोऱ्यातल्या जाड शिंपल्यापासून कापलेला असतो. म्हणजे जपानी मोत्याच्या पोटात अमेरिकेच्या नदीतला शिंपला असतो, आणि दिसतो तो मोतिया थर कित्येकदा अर्ध्या मिलिमीटरहूनही कमी जाडीचा. भारतात सागरी मोती संवर्धनाला १९७३ मध्ये तुतिकोरीनला यश आले, आणि गोड्या पाण्यातल्या मोत्यांची पद्धत भुवनेश्वरच्या एका संस्थेने लॅमेलिडेन्स आणि पॅरेसिया याच शिंपल्यांवर बसवली. रामनदीच्या खोऱ्यातल्या शिंपल्याचे नातलग अशा रीतीने दागिन्यात आले.

या शिंपल्याचे जीवन नाजूक आहे. त्याची सूक्ष्म पिल्ले काही काळ माशांच्या कल्ल्यांना किंवा पंखांना चिकटून वाढतात आणि मग गाळात पडून स्वतंत्र होतात. नदीत मासे नसतील तर शिंपल्याची पुढची पिढी नसते. रामनदीच्या काठी गेल्या काही दशकांत वस्ती दाटली, आणि नदीत सांडपाणी मिसळते तिथे आधी मासे आणि नंतर शिंपले कमी होतात. दागिन्याची निगा घरात सुरू होत असली, तरी त्या द्रव्याची निगा नदीपासून सुरू होते.

घरातल्या निगेचा पहिला शत्रू आम्ल. कॅल्शियम कार्बोनेटला आम्ल लागले की ते विरघळते आणि कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. आयुर्वेदात मुक्ताशुक्तीपासून केलेली औषधे आम्लपित्तावर दिली जातात. कॅल्शियम कार्बोनेट पोटातले आम्ल शमवते. जो गुण पोटात उपकारक, तोच दागिन्यात घातक. चिंच, लिंबू, कोकम, ताक किंवा व्हिनेगर यांनी तांब्यापितळेची भांडी उजळतात. मोत्यावर मात्र त्यांचा एक हातही फिरवू नये. सोने रिठ्याच्या पाण्यात धुण्याची रीत जुनी आहे, पण रिठ्याचे पाणीही किंचित आम्लधर्मी असते, म्हणून मोती जडवलेला दागिना त्यात बुडवू नये. माणसाचा घामही सौम्य आम्लधर्मी असतो. चिंचपेटी गळ्याला घट्ट बसते आणि नथ नाकाशी टेकते, त्यामुळे हे दोन दागिने सर्वांत जास्त घाम सोसतात. अत्तर, पावडर आणि केसांवरचा फवारा आधी लावून, ते सुकल्यावर मोती अंगावर चढवावेत. उतरवताना मोती सर्वांत आधी उतरवावेत आणि लगेच मऊ, स्वच्छ सुती कापडाने पुसावेत. जास्त मळलेला दागिना किंचित ओल्या मलमलीने पुसून सावलीत पूर्ण सुकू द्यावा.

दुसरा शत्रू ओरखडा. मोतिया थराची कठीणता मोहस मापावर साधारण साडेतीन असते; साध्या धुळीतल्या क्वार्ट्‌झच्या कणांची सात. म्हणून आधी फुंकर मारून किंवा मऊ कुंचल्याने धूळ काढावी, मग पुसावे. चांदी घासायची रांगोळी, दंतमंजन, खाण्याचा सोडा आणि ताठ ब्रश हे सगळे मोत्यांपासून दूर ठेवावे. सराफाच्या दुकानातले ध्वनिकंपनाचे किंवा वाफेचे सफाईयंत्र सोन्याला चालते, मोती आणि शिंपल्याला चालत नाही. हिऱ्याच्या दागिन्यासोबत एकाच डबीत मोती ठेवले तर हिरा त्यांना सहज चरे पाडतो. प्रत्येक मोत्याच्या दागिन्याला मऊ कापडाची वेगळी थैली असावी.

तिसरा शत्रू टोकाची कोरडी किंवा टोकाची ओली हवा. काँकिओलिन पूर्ण वाळले की आकसते आणि थराला केसासारख्या बारीक चिरा पडतात. म्हणून मोती उन्हात, दिव्याजवळ किंवा ओलावा शोषणाऱ्या जेलच्या पुड्यांसोबत ठेवू नयेत. उलट मुळशीचा पावसाळा रेशमी दोऱ्याला आणि डबीच्या अस्तराला बुरशी आणतो. तालुक्याच्या पश्चिमेला ताम्हिणीत वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. भुकूमला तितका नाही, पण पुण्यापेक्षा जास्त ओल असते. पावसाळ्यात दागिना अधूनमधून बाहेर काढून, पुसून, थोडा वेळ हवेवर ठेवून परत ठेवावा. हवाबंद प्लॅस्टिकच्या पिशवीत तो कोंडू नये. लॉकरमध्ये वर्षानुवर्षे पडून राहण्यापेक्षा सणासमारंभाला वापरात आलेला आणि नंतर पुसलेला मोती चांगला टिकतो.

कपाटाचाही विचार करावा लागतो. १८९९ मध्ये इंग्लंडमधल्या बाइन नावाच्या संग्राहकाने शिंपल्यांच्या संग्रहावर पांढरी भुकटी येत असल्याचे नोंदवले. तो कवचाचा रोग आहे असे वाटले होते. नंतर लक्षात आले की लाकडी कपाटातून निघणारी ॲसेटिक आणि फॉर्मिक आम्लाची वाफ कवचावर काम करत होती. भुकूम-भूगावच्या नव्या घरांतली कपाटे बहुधा प्लायवूडची आणि गोंदाची असतात, आणि नवे असताना त्यांतून अशी वाफ जास्त निघते. म्हणून नव्या कपाटात मोती थेट न ठेवता काचेच्या किंवा धातूच्या डब्यात, सुती अस्तर घालून ठेवावेत.

दोरा हा वेगळा विषय. मोत्यांचे सर रेशमी दोऱ्यात ओवले जातात आणि चांगला पटवेकरी दोन मोत्यांच्या मधे गाठ देतो. त्यामुळे मोती एकमेकांवर घासत नाहीत आणि दोरा तुटला तरी सगळे विखुरत नाहीत. गाठ सैल झाली, दोरा पिवळा किंवा धाग्याधाग्याने सुटा दिसू लागला, की दागिना गाठवून घ्यावा. भोकाच्या कडेला थर सर्वांत आधी झिजतो, त्यामुळे तिथे नीट पाहावे. नथीत दोरा नसतो, तार असते. तारेची टोके सैल झाली तर सोनाराकडून आवळून घ्यावीत, घरी पकड लावू नये.

शिंपल्याच्या पदकांची, कानातल्यांची आणि जडावाच्या पेट्यांची आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी लागते. त्यांतला काप बहुधा पातळ असतो आणि खाली लाकूड, धातू किंवा राळ असते. पाण्यात बुडवले तर गोंद सुटतो. लाकूड ओलाव्याने फुगते आणि शिंपला फुगत नाही, म्हणून तुकडे उचकटून येतात. रंगवलेल्या शिंपल्याचा रंग आणि राळेची झिलई नेलपॉलिश पुसायच्या द्रवाने उतरते. खऱ्या आणि नकलीचा फरक पाहण्यासाठी दाताच्या कडेवर हलके घासण्याची जुनी परीक्षा आहे. खरा मोती किंचित खरखरीत लागतो, काच किंवा प्लॅस्टिक गुळगुळीत. शिंपला हातात थंड लागतो आणि कलता धरला की त्याच्या छटा बदलतात; प्लॅस्टिकची चमक सगळीकडे सारखी असते. तापलेल्या सुईने किंवा आम्लाच्या थेंबाने परीक्षा कधी करू नये, कारण खऱ्या वस्तूचे नुकसान त्याच क्षणी होते.

नुकसान झालेच तर उपाय थोडे आहेत. जाड नैसर्गिक मोत्याचा वरचा खराब थर कुशल कारागीर काळजीपूर्वक सोलू शकतो आणि खालचा निकोप थर दिसू लागतो. पातळ थराच्या संवर्धित मोत्यात ते शक्य नसते. मेण किंवा तेल चोळल्याने काही दिवस ओलसर चमक येते, पण चकत्या परत रचल्या जात नाहीत. तो थर घडवणारा जीव शिंपल्याबरोबर गेलेला असतो, आणि त्याचे काम दुसऱ्या कुणाला पुरे करता येत नाही. म्हणून मोती आणि शिंपला यांची निगा म्हणजे आधीच झीज टाळणे: आम्ल लागू न देणे, घासू न देणे, वाळू न देणे आणि दोरा वेळेवर बदलणे. एवढे पाळले की आजीची नथ नातीच्या लग्नातही तशीच झळाळते.